लग्नाआधीची गोष्ट

आपल्या घरांमध्ये आईवडिलांची गोष्ट बहुधा त्यांच्या लग्नापासूनच सुरू होते. स्थळ कोणी सुचविले, पाहण्याचा कार्यक्रम कोठे झाला, मांडवात कोण रुसले, हे सारे मुलांना तोंडपाठ असते. त्या दिवसाच्या आधी या दोन माणसांना मन होते आणि ते कोठेतरी गुंतले असण्याचा संभव होता, हा विचार मात्र आपण उंबऱ्याबाहेरच ठेवतो.

‘डेफिनेटली, मेबी’ हा २००८ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन चित्रपट नेमक्या याच उंबऱ्यावर उभा आहे. त्याचे दिग्दर्शक ॲडम ब्रुक्स. न्यूयॉर्कमध्ये राहणारा विल (रायन रेनॉल्ड्स) घटस्फोटाच्या उंबरठ्यावर आहे. त्याची लहानगी मुलगी माया (ॲबिगेल ब्रेस्लिन) एके दिवशी हट्ट धरते, की तुम्ही आणि आई कसे भेटलात ते मला सांगा. बाप सांगतो, पण एक अट घालून. नावे बदललेली असतील, काही तपशीलही बदललेले असतील, आणि तीन स्त्रियांपैकी तुझी आई कोणती हे तूच ओळखायचे. १९९२ च्या बिल क्लिंटन यांच्या निवडणूक प्रचारापासून सुरू झालेली ही कथा हसत-खेळत पुढे जाते. मुलगी आई ओळखते. पण त्याचबरोबर आईवडील पुन्हा एकत्र येणार नाहीत, हेही तिला उमगते. तेव्हा बाप तिला सांगतो, की या गोष्टीचा सुखान्त म्हणजे तूच आहेस. पुढे त्या चाणाक्ष पोरीच्या ध्यानात येते, की बापाने एकीचे नाव बदललेलेच नाही.

हा चित्रपट मी अनेक वर्षांपूर्वी केवळ करमणूक म्हणून पाहिला होता. तो पुन्हा आठवला तो आमच्या नानांमुळे. आई गेल्यानंतर चौऱ्याऐंशी वर्षांचे नाना माझ्याकडे राहावयास आले. सकाळी काय खाल्ले ते त्यांना दुपारी आठवत नसे. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे सांगितले होते. दिवेलागणीच्या वेळी ते अस्वस्थ होत. अशाच एका संध्याकाळी ते कोल्हापुरातील आपल्या कॉलेजच्या दिवसांबद्दल बोलू लागले, आणि त्या बोलण्यात एका मुलीचे नाव आले. आईचे नव्हे.

ती वर्गात पुढच्या बाकावर बसत असे. तिच्या वहीतील अक्षर, पावसात भिजलेली तिची छत्री, वाचनालयाच्या पायऱ्या, सारे नानांना कालच्यासारखे दिसत होते. पत्रिका जुळत नाही, असे तिच्या घरून सांगण्यात आले. “पत्रिका कुणी पाहिलीच नव्हती,” नाना शांतपणे म्हणाले.

माझ्या थोरल्या भावाला हे रुचले नाही. “आईला जाऊन वर्षही झाले नाही, आणि तू त्यांना हे बोलू देतेस?” असे तो मला फोनवर म्हणाला. त्याचा राग आईच्या प्रेमापोटी होता. माझ्याही मनात एक काटा होताच. साठ वर्षांच्या संसारात आमची आई दुसऱ्या क्रमांकावर तर नव्हती ना?

मी नानांना थांबविले नाही. पुढच्या रविवारी भाऊ भेटावयास आला असता त्याच्यादेखतच विचारले, “नाना, आईला हे ठाऊक होते का?”

“लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितले मी तिला,” नाना म्हणाले. “तिने एकच विचारले, ती सुगरण होती का? मी म्हटले, मला काय ठाऊक, तिच्या हातचे कधी खाल्लेच नाही. तर म्हणते कशी, मग माझे निभेल.”

भाऊ आधी गप्प बसला आणि मग इतका हसला, की त्याच्या डोळ्यांना पाणी आले. आई गेल्यानंतर आम्ही तिघे प्रथमच एकत्र हसत होतो. ज्या गोष्टीत आईचा अपमान होईल असे त्याला वाटले होते, त्याच गोष्टीतून आमची नर्मविनोदी, स्वतःवर विश्वास असलेली आई क्षणभर घरात परत आली.

वृद्ध माणसे इतकी मागे का जातात, याचे उत्तर शास्त्रानेही शोधले आहे. पूर्वी अशा आठवणींना म्हातारपणाची बडबड समजले जाई. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली एका निबंधात निराळा विचार मांडला. आयुष्याच्या उतारावर मागे वळून पाहणे, राहून गेलेल्या गोष्टींचा हिशेब जुळविणे ही मनाची स्वाभाविक प्रक्रिया आहे, असे त्यांनी म्हटले. साधारण १० ते ३० या वयातील आठवणी उतारवयात इतर काळापेक्षा अधिक संख्येने वर येतात, हेही संशोधकांना वारंवार आढळले आहे. स्मृतिभ्रंशात बहुधा अलीकडचे आधी पुसले जाते आणि जुने अधिक काळ टिकते. म्हणून पहिल्या प्रेमाचे नाव ओठांवर येणे म्हणजे जोडीदाराशी प्रतारणा नव्हे. ते स्मृतीच्या रचनेतच आहे.

ऐकणाऱ्यालाही यातून काही मिळते. अमेरिकेतील एमोरी विद्यापीठाचे मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना कुटुंबाविषयी किती ठाऊक आहे हे पाहण्यासाठी २० प्रश्न तयार केले. आईवडील कसे भेटले, हा त्यांतलाच एक. ज्या मुलांना अशा गोष्टी अधिक ठाऊक होत्या, त्यांचा आत्मविश्वासही अधिक असल्याचे त्यांना दिसले. केवळ गोष्ट सांगितल्याने आत्मविश्वास येतो, असा याचा अर्थ नाही. पण जेथे गोष्टी सांगितल्या जातात तेथे माणसे एकमेकांजवळ बसतात, हे तर खरेच.

आपण शुश्रूषा करणारे असाल, तर काही पथ्ये सांभाळावीत. उलटतपासणी करू नये. सन आणि तारखा दुरुस्त करीत बसू नये. “पुढे काय झाले?” यापेक्षा “तेव्हा पाऊस होता का?” असा प्रश्न स्मृतीला सोपा जातो. बोलताना त्या व्यक्तीला क्लेश होऊ लागले, तर हलकेच विषय बदलावा. एकच खंत दिवसरात्र छळू लागली, झोप आणि भूक उडाली, उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि एक महत्त्वाचे. कालपर्यंत ठीक असलेली व्यक्ती काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत एकाएकी असंबद्ध बोलू लागली, माणसे ओळखेनाशी झाली, तर त्याला आठवणींचा खेळ समजू नये. जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा औषधांचा परिणाम अशी कारणे त्यामागे असू शकतात. तेथे डॉक्टरांकडे त्वरित जाणेच योग्य.

आणि आपण स्वतःच ज्येष्ठ असाल, तर सांगण्याचा अधिकार आपला आहे, तसाच न सांगण्याचाही. सारे उघड करणे म्हणजेच प्रामाणिकपणा नव्हे. ज्या व्यक्तीबद्दल आपण बोलतो तिचाही संसार असेल, नातवंडे असतील. विलप्रमाणे नाव बदलून सांगितले तरी गोष्ट खोटी ठरत नाही. जोडीदार हयात असेल, तर आधी त्याच्या किंवा तिच्या कानावर घालावी. मुलांना सांगताना मात्र शेवटपर्यंत सांगावी, म्हणजे ती त्यांच्या जन्मापर्यंत येऊन पोहोचेल. कारण ऐकणाऱ्या मुलाच्या मनात, ते पन्नाशीचे असले तरी, एकच प्रश्न असतो, की या साऱ्यात मी कोठे आहे? त्याचे उत्तर आपल्याशिवाय दुसरे कोणीही देऊ शकणार नाही.