पोपटाच्या वाटीत काय?

आपल्या सीमाभागात पाहुणा उंबऱ्यात आला, की चपला काढायच्या आधी त्याला जेवणाचं विचारतात. धारवाडला माझ्या अक्काच्या घरी हे काम तिचा पोपट करतो. ‘ऊटा आतेन्री?’ असं तो अगदी अक्काच्या सासूबाईंच्या, म्हणजे अव्वांच्या आवाजात विचारतो. मला पाहिलं की मात्र मराठीत ‘बस गं’.

हा आपला हिरवा राघू नव्हे. राखाडी अंगाचा, लाल शेपटीचा आफ्रिकन ग्रे. मूळ पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या जंगलांतला. माणसासारखा बोलतो, हेच त्याला भोवलं. पिंजऱ्यासाठी तो इतका पकडला गेला, शिवाय जंगलंही तुटली, की एकट्या घाना देशात १९९२ नंतर त्याची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. २०१६ साली त्याची नोंद संकटग्रस्त पक्ष्यांत झाली.

मागच्या पावसाळ्यात अक्काचा पोपट दांडीवरून पडू लागला. अंग थरथरायचं, पाय आखडायचे. अव्वांनी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. भावोजींनी पक्ष्यांचे डॉक्टर शोधले. रक्त तपासल्यावर कळलं, कॅल्शियम फार कमी झालंय. या जातीत हा दोष विशेष दिसतो म्हणे.

अक्काला ते पटेचना. खाण्याची काय कमतरता होती? वाटी धान्यांनी भरलेली, वर शेंगदाणे, चपाती, चिवडासुद्धा! पण वाटीत काय आहे आणि पोटात काय जातं, यात फरक असतो. पोपट निवडून सूर्यफुलाच्या बिया तेवढ्या खातो, बाकीचं खाली उडवतो. आपली मुलं उपम्यातून भाज्या बाजूला काढतात, तसंच. या बियांत तेल भरपूर, कॅल्शियम नावापुरतं आणि ‘अ’ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. ‘अ’ कमी पडलं की नाकातोंडाची आतली त्वचा जाड होते, शिंका येतात, संसर्ग लवकर होतो. पिंजऱ्यात बसून तेलकट खाल्ल्याने यकृतावर चरबी चढते ती वेगळीच. रानात हाच पक्षी तेलमाडाची केशरी फळं खातो. आपल्या गाजरात असतं ते कॅरोटीन त्यांत खच्चून भरलेलं असतं.

दुसरी गोष्ट उन्हाची. कॅल्शियम अंगी लागायला ‘ड’ जीवनसत्त्व लागतं आणि त्यासाठी ऊन. पिंजरा होता हॉलमधल्या काचेच्या खिडकीशी. ऊन दिसायचं, पण त्यातले उपयोगी किरण काच अडवते. आता रोज सकाळी पिंजरा गच्चीवर जातो, अर्धी बाजू सावलीत ठेवून.

अव्वांनी उत्साहाने पालक चिरला, तर डॉक्टरांनी तोही कमी करायला सांगितला. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. मग परसातली नुग्गी, म्हणजे आपला शेवगा, कामी आली. त्याचा कोवळा पाला, लाल भोपळा, गाजर आणि पक्ष्यांसाठी मिळणारं गोळीखाद्य. जुने, बुरशी लागलेले शेंगदाणे बंद. त्यांतलं विष यकृत बिघडवतं. मीठ, चहा, चॉकलेट बंद. अॅव्होकॅडो तर पोपटाला जीवघेणा ठरतो.

हा बदल एका दिवसात करता येत नाही. अनोळखी पदार्थ पक्ष्याला अन्नच वाटत नाही, तो उपाशी राहतो. अक्का महिनाभर रोज त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलत होती. वजन घसरलं की बिया थोड्या वाढवायच्या, सावरलं की कमी करायच्या. अव्वा मधूनच चिवडा सरकवायच्या. ‘पाप, हसिवु आगिर्तद’ म्हणायच्या, म्हणजे बिचाऱ्याला भूक लागली असेल. सासूला अडवणं सुनेला किती कठीण, हे मैत्रिणींनो, तुम्हाला मी काय सांगू! शेवटी भावोजींनीच चिवड्याचा डबा कपाटात ठेवला.

थरथर थांबली. छातीवरची पिसं मात्र त्याने आजारपणात उपटली होती, ती अजून आलेली नाहीत. कदाचित येणारही नाहीत, असं डॉक्टर म्हणतात.