मुंबई किती तासांवर?
सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई हे अंतर साधारण 13,500 किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, तर तो अलास्कावरून आर्क्टिकच्या बर्फावर चढतो आणि सायबेरिया, हिमालय ओलांडून मुंबईला येतो. पण सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सनीवेल-फ्रीमाँटकडे राहणारी आम्ही मराठी माणसं किलोमीटर मोजत नाही. आमचा हिशोब तासांचा. रात्री अडीचला, तिकडे दुपारचे तीन वाजलेले असताना, भावाचा फोन येतो, ‘बाबांना अ‍ॅडमिट केलंय.’ आत्ता निघाले तर कधी पोचेन?

याचं उत्तर एकच नसतं. एक कारण वारा. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. 2016च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियानं दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला येणारं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून आणलं. वाट हजाराहून जास्त किलोमीटरनं लांबली, सुमारे 15,300 झाली. तरी वारा पाठीशी असल्यानं विमान साडेचौदा तासांत पोचलं, नेहमीपेक्षा लवकर.

वाऱ्याचं समजून घेता येतं. माणसांनी बंद केलेल्या आकाशाचा मात्र मला मनापासून राग येतो. 2022मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि अमेरिकी कंपन्यांची विमानं रशियावरून जायची थांबली. भारताकडे जाणाऱ्या त्यांच्या काही थेट सेवाच त्यात बंद पडल्या. 2025च्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हद्द बंद केली, आणि दिल्लीहून अमेरिकेला येणाऱ्या विमानांवर युरोपात इंधनासाठी उतरायची वेळ आली. असे निर्णय होतात तेव्हा आयसीयूबाहेर बसलेल्यांचा विचार कुणी करत नाही.

थेट विमान नसेल तर वीस-बावीस तास सहज जातात. पुढे सांगली किंवा जळगाव गाठायचं असेल, तर तो रस्ता वेगळाच.

आपण तरुण आहोत, धावत गेट गाठू. आई-वडिलांचं काय? सत्तरी ओलांडलेली आई एकटी निघते, दुबईला किंवा फ्रँकफर्टला विमान बदलते, तिथले फलक आणि घोषणा तिला कळत नाहीत. म्हणून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सतत विचारणा असते: अमुक तारखेला पुण्याकडून कुणी येतंय का, आईला सोबत हवीये. आणि सोबत मिळते. अनोळखी मुलगा काकूंची बॅग उचलतो, इमिग्रेशनच्या रांगेत त्यांच्यामागे उभा राहतो, बाहेर आल्यावर त्यांच्या लेकीला फोन लावून देतो. परदेशातल्या मराठी माणसांविषयी मला सर्वांत जास्त अभिमान कशाचा असेल, तर याचा. गणेशोत्सवातल्या ढोल-ताशापेक्षाही.

आई-वडिलांचं तिकीट काढत असाल तर थोडे पैसे जास्त गेले तरी थेट विमान बघा. ते नसेल तर मध्ये किमान तीन तास ठेवा, आणि स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडू नका; पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा. ‘मला काय झालंय?’ म्हणून आई नाही म्हणेल. तिला सांगा, ही पायांसाठी नाही, वाट दाखवणारं माणूस बरोबर असावं म्हणून आहे. औषधं हातातल्या पिशवीत द्या, आणि चिठ्ठीवर तुमचा नंबर देशाच्या कोडसकट मोठ्या अक्षरांत लिहा.