भेगेवरचा चुना

गावातलं घर विकायचं ठरलं ते बायकोच्या गुडघ्यांमुळं. ऑपरेशनला पैसे लागत होते, आणि आम्ही दोघं तसंही शेतातल्या पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायला गेलो होतो. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "आबा, गिऱ्हाईक यायच्या आधी घर जरा बघण्यासारखं करा. घर आधी डोळ्यात भरलं पाहिजे, मग भाव निघतो."

मग लागलो कामाला. माळवदावर उगवलेलं गवत उपटलं. मोडकी तिफण, फुटक्या घागरी, गंजलेले पत्रे बाहेर काढले. चुनकळी रात्रभर भिजवून गाळून घेतली, त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ घातली. बायकोनं गुडघे धरत धरत का होईना, ओसरी सारवून घेतली. दारांना अळशीचं तेल लावलं तसं जुनं सागवान चमकायला लागलं. थकलेली घरपट्टी भरून ग्रामपंचायतीतून नमुना नंबर ८ चा उतारा आणला. दोन्ही बहिणींना संमती विचारली.

राहिली मधली खोली. तिच्यात जुन्या पोत्यांची थप्पी होती. ती हलवली आणि मागची भेग उघडी पडली. कोपऱ्यातून निघून पार तुळईपर्यंत गेलेली, बोट आत जाईल एवढी.

आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या जवळ. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं दमून झोपलेली. चारच्या सुमारास जमीन हलली. इकडची जुनी घरं म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर दीड-दोन फूट माती. उन्हाळ्यात त्या मातीनं गारवा दिला, त्या पहाटे तीच अंगावर आली. हजारो माणसं गेली. आमचं घर उभं राहिलं, पण ह्या भिंतीला भेग पडली आणि बाहेरून पोट आलं. नंतर आलेल्या इंजिनिअरनी सांगितलं, वरचं ओझं कमी करा, भिंत उतरवून आरपार दगड घालून बांधा. वडलांनी निम्मी माती उतरवली. भिंतीला पैसे पुरले नाहीत. तेव्हापासून त्या खोलीत कुणी झोपलं नाही. तिथं ज्वारीची पोती ठेवायचो.

गवंडी म्हणाला, "आबा, सिमिट भरू, वरून चुन्याचे दोन हात मारू. कुणाच्या बापाला कळणार नाही."

मी हो म्हणालो. खोटं कशाला बोलू? पैशाची नड होती.

आठवड्यानं गिऱ्हाईक आलं. शेजारच्या गावचा किराणा दुकानदार, बायको आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. घर त्यांना आवडलं. मधल्या खोलीत बाई थांबल्या, पोरीला म्हणाल्या, "किती गार हाय गं! तुझी बाज हितं टाकायची." आणि त्याच भिंतीकडं हात केला.

माझी बायको माझ्याकडं बघायला लागली. ती काही बोलली नाही. मला मात्र पोटात कसंतरी झालं. मी म्हणालो, "ताई, हितं नका टाकू. ही भिंत भूकंपात फाटलीय. चुना आम्ही परवा मारलाय." बाहेर नेऊन भिंतीचं पोटही दाखवलं.

दुकानदार बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, मग भिंत नवी बांधायचा खर्च वजा करावा लागंल." साठ हजार कमी झाले. मुलानं फोनवर ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणून ठेवून दिला. चार दिवस बोलला नाही. त्याचं तरी काय चुकलं? आईच्या गुडघ्याचाच पैसा होता तो.

दोन्ही गुडघ्यांचं ठरलं होतं, एकाच गुडघ्याचं झालं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी वास्तुशांतीला जेवायला बोलावलं. माळवद जाऊन पत्रे आले होते. मधली भिंत पायापासून नवी बांधली होती. तिला लागून बाज, बाजेवर पोरगी दप्तर उशाला घेऊन झोपलेली. पंख्याखालीसुद्धा खोली तापली होती. माळवदाचा गारवा गेला तो गेलाच.

परतताना बायको एका पायावर जोर देत चालत होती. मी म्हणालो, "दुसऱ्याचं सोयाबीन विकल्यावर बघू."

"बघू की," ती म्हणाली. "लेकरू निवांत झोपलं होतं, नाही?"