दहा तारखेचा पगार

सुरतच्या लिंबायतमधल्या एका छोट्या ट्रस्टच्या दवाखान्यात मी बारा वर्षं हिशेब बघते. खिडकीपलीकडची माणसं बहुतेक आमच्याच खान्देशातली. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून तापी लाइनने येऊन उधन्याला उतरलेली, लूमच्या खात्यात बारा-बारा तासांची पाळी करणारी. माझे वडीलही असेच आले होते.

2025 च्या सप्टेंबरात असाच एक जण नऊ वर्षांच्या पोराला उचलून घेऊन आला. डेंग्यू होता, प्लेटलेट 22 हजारांवर आलेल्या. पाच दिवसांनी पोरगं स्वतःच्या पायांनी बाहेर पडलं, तेव्हा बिल झालं होतं 18,400 रुपये. बापाने आतल्या खिशातून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेल्या नोटा काढल्या. दोनदा मोजल्या. सहा हजार भरले.

"ताई, दहा तारीखले पगार व्हई," एवढंच म्हणाला.

कार्ड आहे का विचारलं. रेशनकार्ड शिंदखेडा तालुक्यातलं. गुजरातच्या 'मा' योजनेला इथल्या रहिवासाचा पुरावा लागतो, आणि खोलीचा मालक भाडेकरार करून देत नाही. आयुष्मान भारतचं कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं, पण त्या यादीत याचं नाव नव्हतं. गावाकडे महात्मा फुले योजनेत उपचार झाले असते, पण तापाने फणफणलेलं पोर घेऊन कोण शिंदखेड्याला जाईल? ट्रस्टीसाहेबांची सही घेतली आणि 12,400 रुपये कन्सेशनच्या रकान्यात लिहिले.

हा रकाना पूर्वी देणग्यांतून भरून निघायचा. आमचे देणगीदार हिऱ्याचे आणि कापडाचे व्यापारी. हिऱ्याला मंदी आधीपासूनच होती, त्यात त्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं. नवरात्राच्या तोंडावर हमखास येणारे दोन चेक त्या वर्षी आलेच नाहीत. कारखानदाराचा हात आखडला की त्याच्या कारागिराचं पोर आमच्याकडे जास्त येतं, आणि देणगी कमी येते. दोन्ही एकाच महिन्यात.

कॅशलेसचा पेशंट आला तरी पैसा लगेच हातात पडत नाही. पॅकेजचा दर ठरलेला असतो. क्लेम पाठवला की 'क्वेरी' येते: फोटो अस्पष्ट आहे, समरीवर शिक्का नाही. उत्तर पाठवेपर्यंत महिना उलटतो, आणि शेवटी रक्कम कापूनच येते. औषधवाला मात्र 45 दिवसांवर थांबत नाही. सिस्टरांचे पगार सात तारखेला झालेच पाहिजेत. मोठ्या दवाखान्यांतून त्यांना बोलावणी येतच असतात. रुग्णसेवेवर जीएसटी नाही, हे लोकांना माहीत असतं. पण त्यामुळेच सोनोग्राफीच्या यंत्रावर आम्ही भरलेला जीएसटी वळता करून मिळत नाही, तो आमच्याच अंगावर पडतो, हे मला खिडकीवर दर वेळी समजावून सांगता येत नाही.

मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालंच, कन्सेशन बंद करा. मला राग आला. आदल्या रात्री बसून वर्षभराचे दोन्ही आकडे मी काढले होते. सगळ्या कन्सेशनच्या बेरजेपेक्षा अडकलेल्या क्लेमची रक्कम मोठी होती. वही उघडून ट्रस्टींपुढे ठेवली आणि म्हटलं, गरिबाला सोडलेल्या पैशाने आपण अडचणीत आलेलो नाही. आपलेच पैसे दुसरीकडे पडून आहेत, आधी त्यांच्यामागे माणूस लावा. आता एक मुलगी फक्त क्लेमचंच काम बघते.

अकरा ऑक्टोबरला तो बाप परत आला. हातात दोन हजार. त्याचं खातं मी केव्हाच बंद केलं होतं, म्हणून आधार नंबर घेऊन देणगीची पावती फाडली.

"पोऱ्यानं नाव टाका, ताई."

शेऱ्याच्या ओळीत पोराचं नाव लिहिलं. बाकावर सलाइनवाला थकलेलं बिल घेऊन दुपारपासून बसला होता. ते दोन हजार संध्याकाळी त्याला दिले.