घासाघीस विसरलेल्या शहरातले एक दुकान

टोकियोत खरेदीला निघालेल्या भारतीय पाहुण्याची पहिल्याच दिवशी मोठी पंचाईत होते. दुकानात पाऊल टाकताच नोकर कमरेत वाकून स्वागत करतात, वस्तू सुबक कागदात बांधून देतात, उरलेले पैसे छोट्या तबकात मोजून ठेवतात. पण भाव? तो चिठ्ठीवर छापलेला असतो आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. ‘काही कमी होईल का?’ हा आपल्या ओठांवर सदैव तयार असलेला प्रश्न तिथे ओठांतच विरून जातो.

अशा या शहरात एक दुकान मात्र असे उघडले गेले, की तिथे घासाघीस हाच सगळा खेळ आहे. ते कुठल्या रस्त्यावर नाही, संगणकाच्या पडद्यावर आहे. ‘रेसेटियर’ हे त्याचे नाव. ‘ईझीगेमस्टेशन’ या हौशी मंडळींच्या छोट्या गटाने हा खेळ तयार केला आणि २००७ च्या डिसेंबरअखेर टोकियोच्या एका प्रचंड जत्रेत तो लोकांपुढे मांडला. जपानी नावाचा अर्थ साधारण असा: ‘वस्तूंचे दुकान कसे सुरू करावे’.

हा खेळ माहीत असला, की टोकियोचे बाजार वेगळ्याच नजरेने दिसू लागतात. चला तर, आधी पडद्यावरच्या दुकानात डोकावू आणि मग खऱ्या बाजारांकडे वळू.

वसुलीला आलेली परी

पेन्से नावाच्या कल्पित गावात रेसेट ही मुलगी एकटीच राहते. वडील पराक्रम गाजवायला म्हणून घराबाहेर पडले ते परतलेच नाहीत. जाताना डोक्यावर कर्ज मात्र करून गेले. एके दिवशी टिअर नावाची परी दारात उभी राहते. परी म्हणजे वर देणारी, अशी आपली समजूत. ही परी चक्क वसुलीला आलेली असते! कर्ज फिटले नाही तर घर जाणार. मग तीच तोडगा सुचवते: या घरात दुकान काढ, मी तुला शिकवते. रेसेट आणि टिअर मिळून झाले रेसेटियर. फ्रेंच भाषेत ‘रेसेट’ म्हणजे पाककृती आणि गल्ल्यात जमलेली रक्कमसुद्धा. नाव किती चपखल!

हप्ते दर आठवड्याला. पहिला १०,००० चा, मग ३०,०००, ८०,०००, २,००,००० आणि शेवटचा ५,००,०००. एकूण ८,२०,००० ‘पिक्स’. पहिला हप्ता सहज फिटतो म्हणून खेळणारा हुरळून जातो आणि चौथ्या आठवड्यात त्याला घाम फुटतो.

एरवी अशा जादूच्या दुनियेतल्या खेळांत आपण तलवारबहाद्दर असतो. राक्षस मारायचे, वाटेत दुकानात जाऊन औषध आणि ढाल घ्यायची, पुढे निघायचे. दुकानदाराचा विचार कोण करतो? इथे सगळे उलटे. वीर गिऱ्हाईक म्हणून येतात आणि आपण गल्ल्यामागे उभे असतो. दिवसाचे चार भाग केलेले. दुकान उघडले की एक भाग गेला. माल मिळवण्यासाठी एखाद्या वीराला मोबदला देऊन त्याच्याबरोबर भुयारात उतरले तर दोन भाग गेले. वेळ थोडा आणि हप्त्याची तारीख डोक्यावर, हे गणित ज्याने संसार केला आहे त्याला वेगळे समजावून सांगायला नको.

गिऱ्हाईक वस्तू निवडते, आपण भाव सांगतो. जास्त सांगितला तर ते कुरकुरते. पुन्हा अडून बसलो तर तडक निघून जाते. गंमत अशी, की प्रत्येकाची ऐपत वेगळी. छोट्या मुलीच्या मुठीत खाऊचेच पैसे असतात. म्हातारेबुवा, घरगृहस्थीची बाई, व्यापारी संघाचा प्रमुख, प्रत्येकाचा अंदाज वेगळा घ्यावा लागतो. सगळ्यांना एकच भाव सांगणारा बुडतो आणि प्रत्येकाला पिळणाराही बुडतो. रास्त भाव मिळाला की तेच गिऱ्हाईक पुन्हा येते आणि हळूहळू मोठी खरेदी करू लागते. थोडक्या नफ्यावर सलग सौदे जमवणाऱ्याला हा खेळ वर बक्षीसही देतो.

लुई नावाचा एक तरुण योद्धा येतो. अंगात हिंमत, खिशात खडखडाट. अक्रोडाच्या पावावर दिवस काढणारा. त्याला तलवार महाग विकली तर तो घेऊच शकत नाही. परवडेल अशा भावात दिली तर तीच तलवार घेऊन तो आपल्याबरोबर भुयारात उतरतो. आपल्या गिऱ्हाइकाचे बरे झाले तरच आपले बरे होते, हा धडा एकही उपदेशाचे वाक्य न उच्चारता शिकवला जातो.

आणि हप्ता चुकला तर? घर जाते. रेसेट पुठ्ठ्याच्या खोक्यात राहताना दिसते. हसता हसता पोटात कालवाकालव व्हावी असे ते दृश्य. मग खेळ पुन्हा सुरुवातीच्या दिवसांकडे नेतो, पण शिकलेले शहाणपण आणि जमवलेला माल हातात ठेवून. खऱ्या आयुष्यात सावकार इतका उदार नसतो.

जिथे भाव एक झाला

आता खऱ्या टोकियोत या. निहोन्बाशी या जुन्या व्यापारी पेठेत ‘मित्सुकोशी’चे भव्य दुकान उभे आहे. दाराशी १९१४ पासून बसलेले दोन ब्राँझचे सिंह. लंडनच्या ट्राफल्गार चौकातल्या सिंहांवरून ते घडवले आहेत. टोकियोकर भेटीची जागा म्हणून या सिंहांकडे बोट दाखवतात.

या दुकानाचे मूळ १६७३ मध्ये मित्सुई ताकातोशी याने काढलेल्या ‘एचिगोया’ या कापडदुकानात आहे. त्या काळी एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, कापडवाले बड्या सामुराई घराण्यांच्या घरी माल घेऊन जात. उधारी लिहून ठेवली जाई आणि पैसे वर्षातून एकदा-दोनदा वसूल होत. अर्थात उधारीची जोखीम भावात धरलेली असे आणि माणूस पाहून भाव सांगितला जाई. १६८३ मध्ये दुकान नव्या जागी हलवताना मित्सुईने जाहीर केले: रोख पैसे द्या, भाव एकच, वाढवून सांगणार नाही. साध्या माणसालाही सरदाराच्याच भावात कापड मिळू लागले. घासाघीस नाहीशी होण्यामागे गरिबाचा मानही होता, हे इथे उभे राहिल्यावर पटते.

म्हणजे रेसेटियरमध्ये जे कौशल्य लागते, माणूस पाहून भाव सांगण्याचे, तेच मित्सुईने सव्वातीनशे वर्षांपूर्वी मोडीत काढले होते. फरक एवढाच, की रेसेटला गिऱ्हाइकाची ऐपत ओळखावी लागते ती त्याला परत यावेसे वाटावे म्हणून.

रुळांखालची पेठ

निहोन्बाशीहून उत्तरेला चालत निघाले, तर कांदा ओलांडून अर्ध्या तासात अकिहाबारा येते. १८६९ च्या आगीत इथली वस्ती जळाली. पुढच्या वर्षी मोकळ्या जागेवर आगीपासून रक्षण करणाऱ्या देवाचे देऊळ उभारले गेले आणि लोकांनी जागेला अकिबा देवाचे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे रस्त्यावर रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्यांची गर्दी जमली. १९४९ मध्ये रस्त्यावरचे ठेले हटवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा या विक्रेत्यांना रेल्वेच्या रुळांखाली जागा मिळाली. तेच ‘रेडिओ सेंटर’.

आज बाहेर रंगीत फलकांचा झगमगाट, चित्रकथांची आणि खेळांची बहुमजली दुकाने. पण रेडिओ सेंटरच्या अरुंद बोळात शिरा. दोन हात पसरले तर दोन्ही दुकानांना लागावेत इतकी वाट. तारा, दिवे, बटणे, इवल्या डब्यांच्या रांगा आणि त्यांच्या मधोमध जेमतेम बसायला जागा ठेवून बसलेला दुकानदार. डोक्यावरून गाडी गेली की सगळे किंचित थरथरते. रेसेटचे दुकान असेच असते: मोजकीच फडताळे, आणि कोणती वस्तू दर्शनी ठेवावी म्हणजे कोण आत येईल याचा सतत विचार.

हौशी लोकांनी केलेल्या पुस्तकांना आणि खेळांना अकिहाबाराने जागा दिली. ‘तोरानोआना’ हे त्यातले गाजलेले नाव. १९९४ पासून ते इथे होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी अकिहाबारासह बहुतेक ठिकाणची दुकाने बंद केली. गिऱ्हाईक घरबसल्या मागणी नोंदवू लागले होते आणि करोनाच्या साथीने तर पाऊलच थांबवले होते. गल्ल्यामागचा माणूस गेला की काय जाते, हे अशा वेळी कळते.

हजार येनचा गजर

अकिहाबाराहून गाडीने पुढचेच स्थानक ओकाचिमाची. तिथून उएनोपर्यंत रुळांच्या कडेने जाते ती ‘आमेयोको’ गल्ली. हाही युद्धानंतरचा काळा बाजार. टंचाईच्या दिवसांत इथे गोड गोळ्या विकल्या जात, आणि अमेरिकी मालही येई. दोन्हींचा ‘आमे’ नावात आला असे सांगतात.

इथे मात्र टोकियो ओरडते! वर्षअखेरीस नववर्षाच्या जेवणासाठी मासे, खेकडे घ्यायला लोटलेल्या गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. विक्रेता घसा ताणून भाव पुकारतो, मग उतरवतो, मग पिशवीत आणखी एक वस्तू टाकतो, आणखी एक टाकतो, ‘सगळे मिळून हजार येन!’ भाव कमी करण्याऐवजी माल वाढवायचा, ही इथली घासाघीस. दोघांचाही मान राहतो. ज्यांना वाटते की जपानी माणसाला सौदेबाजीतली गोडी कळत नाही, त्यांनी इथे अर्धा तास नुसते उभे राहावे.

‘गिऱ्हाईक’ नसलेला बाजार

शेवटचा बाजार समुद्रात भराव घालून केलेल्या आरिआके भागात. युरिकामोमे ही विनाचालक गाडी इंद्रधनुष्य पुलावरून नेते तेव्हा खाली टोकियोचा उपसागर पसरलेला दिसतो. ‘टोकियो बिग साइट’ हे १९९६ मध्ये उघडलेले प्रदर्शनगृह लांबूनच ओळखू येते: उलटे ठेवलेले चार पिरॅमिड, आणि आवारात जमिनीत रुतलेल्या प्रचंड करवतीचे शिल्प.

वर्षातून दोनदा, ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरअखेर, इथे ‘कॉमिक मार्केट’ भरते. लाडाने ‘कोमिके’. पहिले भरले २१ डिसेंबर १९७५ ला, टोकियोच्या एका सभागृहात. विक्रेते गट ३२ आणि आलेले लोक सुमारे ७००. २०१९ च्या डिसेंबरमध्ये चार दिवसांत साडेसात लाख लोक आले! मंडळी स्वतः लिहिलेली, काढलेली, छापलेली पुस्तके आणि स्वतः केलेले खेळ घेऊन येतात. बहुतेक गटांच्या वाट्याला अर्धे टेबल, जेमतेम ९० सेंटिमीटरची जागा. तेवढ्यात दुकान मांडायचे.

या जत्रेचा एक नियम फार सुंदर आहे. इथे ‘गिऱ्हाईक’ कोणी नाही. विकणारा, घेणारा, गर्दी आवरणारा स्वयंसेवक, सगळे ‘सहभागी’. दार उघडते तेव्हा आणि दिवस संपतो तेव्हा सगळे मिळून टाळ्या वाजवतात. २००७ च्या २९ ते ३१ डिसेंबरला भरलेल्या ७३ व्या कोमिकेत रेसेटियर पहिल्यांदा लोकांच्या हाती पडला. दुकान कसे चालवावे हे सांगणारा खेळ त्याच्या कर्त्यांनीच एका मोठ्या बाजारात दुकान मांडून विकला.

पुढे ‘कार्पे फुल्गुर’ या छोट्या अमेरिकी संस्थेने त्याचे इंग्रजी रूपांतर केले. ते १० सप्टेंबर २०१० ला आले आणि काही महिन्यांतच त्याच्या एक लाखाहून अधिक प्रती खपल्या. घरावर आलेले कर्ज आणि दारात उभे असलेले गिऱ्हाईक, या दोन गोष्टी कळायला जपानी यावे लागत नाही.

२०२० च्या मे महिन्यातली कोमिके साथीमुळे रद्द झाली. ४५ वर्षांच्या इतिहासात असे प्रथमच घडले. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ती पुन्हा भरली तेव्हा लोकांची संख्या मर्यादित ठेवली होती. खेळ तर घरबसल्याही मिळत होते. तरी लोक थंडीत रांगा लावून आले. टेबलापलीकडच्या माणसाला ‘तुमचा खेळ आवडला’ असे तोंडावर सांगण्यासाठी दुसरी जागा नव्हती.

जायचे असेल तर

निहोन्बाशी, अकिहाबारा आणि आमेयोको एका दिवसात आरामात पाहून होतात. बहुतेक अंतर पायी जमते. सकाळी निहोन्बाशी, दुपारी अकिहाबारा आणि संध्याकाळी आमेयोको, हा क्रम बरा. कोमिकेसाठी वेगळा दिवस ठेवावा. प्रवेशाला आता पैसे पडतात, तेव्हा तारखा पाहून आधीच सोय करावी. उन्हाळ्यात पाण्याची बाटली आणि हिवाळ्यात गरम कपडे हवेतच, कारण रांग उघड्यावर असते.

आणि एक गोष्ट न विसरता बरोबर ठेवा: सुटे पैसे. अर्ध्या टेबलावर दुकान मांडून बसलेल्या माणसाजवळ सुट्या पैशांची थैली लहान असते. मोठी नोट पुढे केली की त्याची धांदल उडते आणि मागची रांग खोळंबते. मोजून नेमके पैसे हातावर ठेवा. घासाघीस नसलेल्या या शहरात दुकानदाराच्या चेहऱ्यावर हसू आणायला तेवढे पुरते.