पाणी भरलंस का?

आग आणि पाणी यांचे वैर आपल्या भाषेने फारच मनावर घेतले आहे. बेत फसला की त्यावर पाणी पडते. भांडण पेटते ठेवायचे तर आगीत तेल ओततात, मिटवायचे तर पाणी. नाही म्हणायला पुराणातल्या वडवानलाला समुद्राच्या पोटात बिऱ्हाड मिळाले आहे. पण तो अपवाद. वीस वर्षे मी हे शब्द वर्गात शिकवीत आलो. आगीच्या पोटात पाणी सोडावे आणि तिने अधिक नेटाने कामाला लागावे, असा वाक्प्रचार काही मराठीत नाही. असायला मात्र हरकत नव्हती. कारण तो प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे.

पाहिला तो इंग्लंडात, कॉव्हेंट्री गावी, भाच्याच्या गॅरेजात. मोटारी बनवणाऱ्यांचे हे जुने गाव. भाचा तेथे इंजिनियर आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तीन आठवडे त्याच्याकडे जायला निघालो, तेव्हा ताईने लाडू, चिवडा आणि गोडा मसाला यांच्याबरोबर एक कामगिरीही बांधून दिली. म्हणाली, "तुझं ऐकेल तो. त्याला तेवढी ती गाडी विकायला लाव."

ताईचे भय समजण्यासारखे होते. आमचे दाजी बसचे ड्रायव्हर. तीस वर्षे तिने रात्री-अपरात्री दाराची कडी वाजते का, इकडे कान लावून काढली. दाजी एकही अपघात न करता निवृत्त झाले आणि वर्षभरात आजारपणाने गेले. आता कुठे तिच्या कानांना स्वस्थता मिळाली होती, तोच चिरंजीवांनी दोनच माणसांची, छप्पर उघडे टाकणारी मोटार घेतली आणि तिचा फोटो मोठ्या हौसेने आईला पाठवला!

ती मोटार म्हणजे माझदा कंपनीची एमएक्स-५. जन्माने जपानी. १९८९ साली ती बाजारात आली, तेव्हा तिच्या कर्त्यांनी १९६०च्या दशकातल्या छोट्या इंग्रजी स्पोर्ट्‌स गाड्या डोळ्यांपुढे ठेवल्या होत्या. म्हणजे कॉव्हेंट्रीत ती एका परीने आजोळीच आली म्हणायची. लांबी चार मीटरच्या आत, वजन हजार किलोंच्या आत. तिच्यात आपण बसत नाही, कोट अंगात घालावा तशी ती अंगात घालतो.

एवढ्याशा गाडीला भाच्याने टर्बो बसवला होता. टर्बो म्हणजे एक चक्की. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर ती फिरते आणि इंजिनात जादा हवा कोंबते. जादा हवा, जादा पेट्रोल, जादा जोर. पण हवा दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे बूड हाताला चटका देते, ते याच कारणाने. मग अशा तापल्या हवेत, प्लगच्या ठिणगीपासून निघालेली ज्योत पोचण्याच्या आतच, कोपऱ्यातले पेट्रोल आपले आपण भडकते. हेच नॉकिंग. आत कुणी हातोडी मारीत असल्यासारखा आवाज येतो, आणि दुर्लक्ष केले तर पिस्टनला भोकसुद्धा पडते.

यावरचा उपाय म्हणजे आत जाणाऱ्या हवेत पाण्याचा धुक्यासारखा बारीक फवारा सोडणे. मी बुचकळ्यात पडलेला पाहून भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या घरचा माठ काय करतो? तेच." एक ग्रॅम पाणी बर्फाच्या गारव्यापासून उकळीपर्यंत न्यायला शंभर कॅलरी उष्णता लागते, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला पाचशे चाळीस! ही उष्णता पाणी आजूबाजूची हवा आणि सिलिंडर यांच्याकडून काढून घेते. स्वतः जळत नाही. जळणाऱ्याचे डोके तेवढे ताळ्यावर ठेवते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आणि अमेरिकन लढाऊ विमानांनी पाणी आणि मेथेनॉल यांच्या मिश्रणावर काही मिनिटांपुरता जादा जोर मिळवला होता. २०१६ साली बीएमडब्ल्यूने आपल्या एम४ जीटीएस गाडीत हीच युक्ती वापरली. त्या गाडीच्या डिकीत पाच लिटरची टाकी असे.

भाच्याने आणलेली टाकीही पाच लिटरचीच. आता प्रश्न आला जागेचा. मुंबईतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात पाण्याचे पिंप कुठे ठेवायचे, यावर जेवढा खल होतो, तेवढा आम्ही केला. बॉनेटखाली तसूभर जागा नाही, आणि असती तरी तेथे पाणी तापून जायचे. मागच्या डिकीत या गाडीची बॅटरी उजव्या अंगाला आधीच ठाण मांडून बसलेली. राहिला डावा कोपरा. पुठ्ठ्याचा नमुना कापून तो आम्ही चार वेळा बसवून पाहिला. पाच किलो पाणी वळणावर हलले तर टाकी उपटून येईल, म्हणून तिला लोखंडी पट्टीने आवळायचे होते. त्यासाठी तळाला भोके. प्रत्येक भोकाआधी भाचा गाडीखाली सरपटत जाई, वर काय आहे ते पाही, आणि मगच ड्रिल हातात घेई. मी टॉर्च धरून उभा.

टाकीत त्याने स्पंज कोंबला. गाडी वेगाने वळली की पाणी एका अंगाला हिंदकळते, तोंड उघडे पडते आणि पंप नुसती हवा ओढतो. टाकी अर्धी असली की हे जास्त होते. "उथळ पाण्याला खळखळाट फार," मी म्हणालो. "अगदी तेच," तो म्हणाला. आमच्या दोन विषयांची गाठ पडली ती तेथे.

टाकीपासून निघालेली नळी गाडीच्या पोटाखालून, धुराड्याच्या नळापासून लांब राखत, पुढे नेली. फवाऱ्याच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह बसवला. तो नसेल तर टर्बो स्वस्थ असताना इंजिन टाकीतले पाणी आपल्या श्वासाबरोबर ओढून घेते. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. सिलिंडरमध्ये पाणी साठले तर पोलादी दांडा वाकतो. म्हणजे पाणी तेच. योग्य वेळी चमचाभर मिळाले तर तारक, भलत्या वेळी पेलाभर मिळाले तर मारक. पाणीसुद्धा डिस्टिल्डच हवे. नळाच्या पाण्यातला क्षार फवाऱ्याचे बारीक भोक बुजवतो.

शेवटची गोष्ट टाकीतल्या तरंगत्या गोळ्याची. पाणी तळाला गेले की तो खाली येतो, समोर लाल दिवा लागतो आणि टर्बोचा दाब आपोआप उतरतो. या कामाला भाच्याने सगळ्यांत जास्त वेळ दिला. दोन संध्याकाळी गेल्या. मी कारण विचारले, तेव्हा त्याने ओल्ड्‌समोबिल जेटफायरची हकीकत सांगितली. ही अमेरिकन गाडी १९६२ साली निघाली. तिलाही टर्बो होता, आणि नॉकिंग टाळण्यासाठी पाणी-मेथेनॉलची वेगळी टाकी. टाकी रिकामी झाली की दाब कमी करण्याची सोयही होती. पण पुष्कळ मालकांनी टाकी भरलीच नाही, आणि वर गाडीला जोर नाही अशी कुरकूर केली. १९६३ नंतर ती गाडी बंद पडली.

"यंत्र चांगलं होतं, मामा," तो म्हणाला. "पाणी भरायचं माणसांच्या लक्षात राहिलं नाही."

मग पाना पुसता पुसता तो एकदम म्हणाला, "अण्णांचा डबा आठवतो तुम्हाला?"

न आठवायला काय झाले! ताईच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात मी दाजींच्या गाडीतून खंबाटकी घाट चढलो होतो. त्यांच्या आसनामागे पत्र्याचा एक डबा काठोकाठ भरलेला असे. चढावर इंजिन तापले की दाजी गाडी कडेला घेत, जरा निवू देत, मग फडक्याने रेडिएटरचे झाकण सोडवून पाणी पाजत. आत पन्नास माणसे घामाघूम; पण दाजींनी घाई केलेली मी पाहिली नाही.

"आईला वाटतं मी वेगापायी वेडा झालोय," तो म्हणाला. "वर्षातून चार वेळा बंद ट्रॅकवर जातो, तेवढंच. रस्त्यावर मी अण्णांसारखीच चालवतो. पण तिला हे सांगायला गेलो की भांडण होतं. म्हणून हल्ली फोनच करत नाही."

ताईने बांधून दिलेली कामगिरी माझ्या ओठांवर होती. ती मी तेथेच गिळली. जो मुलगा दोन संध्याकाळी एका लाल दिव्यासाठी खर्च करतो, त्याला गाडी विक म्हणून सांगण्यात काही अर्थ नव्हता.

त्या रात्री मी ताईला फोन लावला. टाकी, गोळा, लाल दिवा, सारे समजावून सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारले, "पाणी भरतं कोण?"

"तोच. गाडी बाहेर काढण्याआधी."

"विसरेल तो. ह्यांनासुद्धा आठवण करावी लागायची. पहाटे उठून डबा मीच भरून देत होते."

हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते, आणि भाच्यालाही नव्हते. सकाळी मी त्याला सांगितले. तो चहाचा कप तसाच हातात धरून उभा राहिला, आणि मग फोन घेऊन गॅरेजात गेला. तासाभराने परत आला.

गाडी अजून आहे. दर शनिवारी सकाळी ताईचा निरोप जातो, "पाणी भरलंस का?" उत्तर येते, "भरलं." त्यानंतर तिच्याकडे कुठल्या भाजीत काय घालायचे इथपासून बोलणे सुरू होते, ते बराच वेळ चालते.