बाराव्या आठवड्यापर्यंत

फिजिओथेरपीची मुलं पहिल्यांदा पेशंटला हात लावतात, तेव्हा बहुतेकांचा हात एकतर भीतीने हलका पडतो, नाहीतर घाईने जड. वर्गात त्यांनी सगळं एकमेकांवर केलेलं असतं. गुडघे वाकवलेले असतात, गोनिओमीटर लावून अंश मोजलेले असतात, स्नायूंच्या ताकदीला शून्य ते पाच गुण दिलेले असतात. पण धडधाकट मैत्रिणीचा खांदा वेगळा आणि पक्षाघातानंतर लुळा पडलेला सत्तरीतल्या आजोबांचा खांदा वेगळा. आजोबांना काखेत हात घालून उठवलं तर तो खांदा दुखावतो, आणि एकदा दुखावला की पुढे कित्येक आठवडे ते त्या हाताला कुणाला शिवू देत नाहीत. म्हणून शिकवणाऱ्याने अशा वेळी नुसतं खोलीत असून चालत नाही. तो हाताच्या अंतरावर हवा.

मी वसई पूर्वेला गोखिवऱ्यात क्लिनिक चालवते आणि कॉलेजची मुलं पोस्टिंगला माझ्याकडे येतात. वसई रोड स्टेशन आणि अहमदाबाद हायवे यांच्या मधलं हे जुनं गाव आता गाळ्यांनी, चाळींनी आणि नव्या इमारतींनी भरून गेलंय. शेजारी सातिवली आणि वालीवचे कारखाने आहेत, पलीकडे तुंगारेश्वरचा डोंगर. माझे पेशंट म्हणजे पत्र्याच्या प्रेसवरचे आणि मोल्डिंगचे कामगार, रोज विरार लोकलने मुंबई गाठणारे नोकरदार, आणि जुलैत भाताची लावणी करून कंबर धरून येणाऱ्या पाड्यांवरच्या बायका. मुलांना इथे यायला सुरुवातीला नको वाटतं. मोठ्या रुग्णालयात आयसीयू असतो, नावाजलेले सर्जन असतात. इथे काय शिकायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं.

एक उदाहरण सांगते. प्रेसवर काम करताना पत्र्याने बोटाचा टेंडन कापला जातो, ज्याला इथे सगळे शीर तुटली म्हणतात. तळहाताच्या वरच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा भाग फार अवघड. तिथे दोन टेंडन एकाच अरुंद बोगद्यातून सरकतात. बनेल या अमेरिकन हॅण्ड सर्जनने त्या जागेला ‘नो मॅन्स लॅण्ड’ म्हटलं होतं, कारण तिथे टाके घालायलाच सर्जन कचरत. आता टाके घालतात, पण पुढचं काम आमचं. बोट हलवलंच नाही तर टेंडन आजूबाजूला चिकटतो आणि बोट कायमचं ताठतं. जास्त जोर पडला तर टाका सुटतो. शिवलेला टेंडन पहिले काही आठवडे फार नाजूक असतो. म्हणून मनगट आणि बोटं किंचित वाकलेली राहतील असा स्प्लिंट घालून ठरावीक व्यायाम द्यायचे. बोट वाकवायचं ते थेरपिस्टने किंवा पेशंटच्या दुसऱ्या हाताने. सरळ करायचं ते पेशंटने स्वतः, स्प्लिंटला टेकेपर्यंतच.

हे विद्यार्थिनीला तोंडपाठ असतं. तिला ठाऊक नसतं ते हे, की पेशंट मदत करतो. आपण बोट वाकवायला लागलो की त्याला वाटतं, मॅडमला बरं वाटावं म्हणून आपणही थोडं वाकवावं. बाहेरून काहीच दिसत नाही. अशा वेळी मी तिची दोन बोटं धरून पेशंटच्या मनगटाच्या जरा वर, पुढच्या बाजूला ठेवते. खाली स्नायू टणक झाला की समजायचं, याने जोर लावला. लगेच थांबायचं. ‘दादा, हात सैल सोडा, काम मी करते,’ असं सांगायचं आणि पुन्हा सुरू करायचं. तो टणकपणा एकदा बोटांना कळला की मुलगी पुढे आयुष्यभर तो ओळखते. आधी मी करते आणि ती तिची बोटं माझ्या बोटांशेजारी ठेवते. मग ती करते आणि माझी बोटं तिथे असतात. नंतर मी हात मागे घेते, पण नजर काढत नाही. ती अडखळते तेव्हा पुढे होऊन स्वतः करून टाकायचा मोह फार होतो. तो आवरणं हा शिकवणाऱ्याच्या कामाचा सगळ्यात कठीण भाग आहे, असं माझं मत आहे.

आमच्या शिक्षणाची सुरुवातच पेशंटच्या खाटेजवळ झाली. मुलीला पोलिओ झाला म्हणून फातिमा इस्माईल यांनी १९४७ साली मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी क्लिनिक काढलं. पुढे १९५२ च्या सुमारास शहरात पोलिओची साथ होती, तेव्हा केंद्र सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून केईएम रुग्णालयात देशातली फिजिओथेरपीची पहिली शाळा उभी केली. पोलिओचं मूल उपचाराला वर्षानुवर्षं लागायचं. कॅलिपर घालून उभं राहायचं, पडायचं, वाढत्या उंचीबरोबर कॅलिपर बदलायचा. असा पेशंट शिकणाऱ्याला दीर्घकाळ पाहायला मिळतो, आपण आज केलेल्या कामाचं पुढे काय झालं हे कळतं. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला. तो आजार गेला, फार चांगलं झालं. त्याच्याबरोबर एकाच पेशंटसोबत राहून शिकायची सवय मात्र जायला नको होती.

आज विद्यार्थ्यांची पोस्टिंग काही आठवड्यांत बदलतात. आधी अस्थिरोग, मग न्यूरो, मग छातीचे आजार. फिरायला हवंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण टेंडन तिसऱ्या आठवड्यात पाहिलेला मुलगा बाराव्या आठवड्यात दुसऱ्याच वॉर्डात असतो. त्या बोटाची मूठ झाली का, माणूस मशीनवर परतला का, त्याला समजतच नाही. त्याच्या वहीत उपचार असतात, निकाल नसतो. त्यात काही ठिकाणी इंटर्न म्हणजे मशीन लावणारा आणि रजिस्टर भरणारा माणूस. सकाळी अल्ट्रासाउंड, दुपारी आयएफटी, शेजारी शिकवणारं कुणी नाही. या तासांना क्लिनिकल ट्रेनिंग म्हणणं मला मान्य नाही. ब्रिटनमध्ये फिजिओथेरपीच्या पदवीसाठी किमान १००० तास प्रत्यक्ष कामातून शिकावं लागतं. तासांचा आकडा हवाच, पण तो तास कुणाच्या देखरेखीखाली गेला हेही लिहिलं गेलं पाहिजे. आणि ज्याच्या अंगावर हे शिकणं चालतं त्या पेशंटला ‘ही विद्यार्थिनी आहे, मी इथेच आहे, चालेल ना?’ असं विचारायलाच हवं. कुणी नाही म्हटलं तर विषय तिथेच संपतो.

गोखिवऱ्यात मुलं आणखी एक गोष्ट शिकतात, जी मोठ्या वॉर्डात सहसा दिसत नाही. गुडघेदुखीचा पेशंट आला. ‘काय काम करता?’ ‘कंपनीत आहे.’ मुलाने फॉर्मवर ‘नोकरी’ लिहिलं आणि गुडघ्याच्या तपासणीला लागला. मी म्हटलं, त्यांना काम करून दाखवायला सांग. तो माणूस उभा राहिला आणि उजवा पाय खालीवर करू लागला. पायाने चालवायची मशीन होती. उजवा पाय पेडलवर, सगळा भार डाव्या पायावर, आणि असं दिवसभर. दुखत होता तो डावाच गुडघा. मांडीचा व्यायाम द्यायचाच होता, पण खरा उपाय गाळ्यात होता. बाजूला टेकायला उंच स्टूल हवं होतं आणि तासातासाने पाय बदलता येईल अशी पेडलची जागा. मुलाने ते कागदावर काढून शेठला देण्यासाठी पेशंटच्या हाती दिलं. वजन कमी करा, मांडी घालू नका एवढं सांगून तो मोकळा झाला असता.

शिवाय इथल्या पुष्कळ गाळ्यांत दहापेक्षा कमी माणसं असतात, त्यामुळे ईएसआय लागू होत नाही. खाडा झाला की पगार कापला जातो. दिवसातून तीन वेळा वीस मिनिटं व्यायाम, असं लिहून दिलं तर तो कागद खिशातच राहणार. जेवणाच्या सुट्टीत मशीनशेजारी उभं राहून करता येतील असे दोनच व्यायाम निवडून दे, असं मी मुलांना सांगते. दहामधून दोन निवडायचे तर कोणते सर्वात गरजेचे हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना त्यांना शरीररचना पुन्हा उघडून वाचावी लागते.

सध्या मी एवढंच करू शकते, की येणाऱ्या प्रत्येक मुलाला एक पेशंट पूर्ण देते. पोस्टिंग संपलं तरी शनिवारी संध्याकाळी त्याने यायचं आणि त्या माणसाला शेवटपर्यंत पाहायचं. सगळे येत नाहीत. परळहून किंवा नवी मुंबईहून येणं सोपं नाही, परीक्षा असतात. पण जी मुलं येतात, ती बाराव्या आठवड्यात स्वतः मुठीची ताकद मोजतात आणि मग पेशंटच्या पुढच्या प्रश्नाला त्यांना उत्तर द्यावं लागतं: ‘मॅडम, आता प्रेसवर बसू का?’ तेव्हा मी बोलत नाही. मी शेजारी असते, चूक होत असेल तर थांबवीन हे त्यांना माहीत असतं, पण उत्तर त्यांचंच असतं.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात चार वर्षांनंतर सहा महिन्यांची इंटर्नशिप असे. २०२१ च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात ती वर्षभराची आहे. या वाढलेल्या महिन्यांचे आणखी छोटे तुकडे करून आणखी चार विभाग दाखवू नयेत. त्यातले सलग तीन महिने एका ठिकाणी, एका शिक्षकाच्या हाताखाली, त्याच पेशंटसोबत जाऊ द्यावेत. आणि ते ठिकाण मोठं रुग्णालयच असलं पाहिजे असं नाही. गाळ्यांच्या आणि पाड्यांच्या जवळ, जिथे पेशंट बरा होऊन कामावर परततो, तिथेही हे तीन महिने मोजले जावेत.